अनामत मागितली तर नातं तुटेल?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: धुळ्यात देवपूर भागात आम्ही तीन वर्षं भाड्याने राहिलो. घरमालक खालच्या मजल्यावर, आम्ही वर. त्यांना आबा आणि त्यांच्या पत्नीला माई म्हणायचो. माझ्या बाळंतपणात माईंनी डिंकाचे लाडू करून दिले, दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मला माहेरवाशिणीसारखं पाटावर बसवून खापराची पुरणपोळी आणि आमरस वाढला. भाडं ८,५०० रुपये होतं, अनामत ३०,०००. त्यातले वीस हजार फोनपेने दिले, दहा हजार रोख; रोखीची पावती नाही. करार नोटरीकडे, अकरा महिन्यांचा. पुढे तोंडीच वाढत गेला. यजमानांची नाशिकला बदली झाली म्हणून महिनाभर आधी सांगून एप्रिलअखेर घर सोडलं. आबा म्हणाले, ‘नवीन भाडेकरू आला की देतो.’ जूनमध्ये नवीन भाडेकरू आले. आता म्हणतात, घर रंगवावं लागलं, कूलरने भिंत खराब झाली, पंधरा-सोळा हजार गेले, उरलेले देऊ. नक्की किती आणि कधी, ते सांगत नाहीत. फोन माईच उचलतात, बाळाची चौकशी करतात आणि माझी जीभ रेटत नाही. यजमान म्हणतात, वकिलाची नोटीस पाठवू. मैत्रीण म्हणते, करार नोंदणीकृत नाही, काही होणार नाही, शेवटचे तीन महिने भाडंच द्यायचं नव्हतं. पैसे सोडवत नाहीत आणि मागवतही नाहीत. काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात रुपयांचे आकडे आहेत, तरी खरी अडचण माईंची आहे. आबा अनोळखी असते तर तुम्ही एव्हाना चार वेळा खडसावून मागितलं असतं. इथे मागणं म्हणजे त्या पाटावरून उठून हिशोबाला बसणं, असं तुम्हाला वाटतंय. म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

तीन वर्षं तुम्ही दर महिन्याला भाडं दिलंत. ते घेताना आबांना संकोच वाटला नाही, देताना तुम्हाला वाटला नाही, आणि त्यामुळे माईंची माया कमी झाली नाही. अनामत परत करणं हा त्याच व्यवहाराचा उरलेला भाग आहे. घर घेताना तुम्ही दिली, घर सोडताना त्यांनी द्यायची. माईंनी लाडू दिले ते काही या तीस हजारांतून वळते करायचे म्हणून दिले नव्हते. ती माया त्यांनी मनापासून केली. तिची किंमत म्हणून अनामत सोडून देणं त्यांनाही आवडणार नाही.

आणि न मागण्याने नातं टिकतंय का, तेही बघा. तुम्ही माईंना स्वतःहून शेवटचा फोन कधी केलात? पत्राचा सूर सांगतो की हल्ली तुम्ही तो टाळता. फोन आला की पोटात गोळा येतो, बोलणं झालं की यजमानांशी वाद होतो. हे असंच वर्षभर चाललं तर पैसेही जातील आणि माईही जातील. तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात. मोठ्या भांडणाने तुटलेली घरं त्यात कमी असतात. विषय न काढल्यामुळे हळूहळू बोलणंच बंद झालेली जास्त.

आता आबांकडे वळते. यजमानांना ते लबाड वाटू लागलेत. असतीलही, मी त्यांना ओळखत नाही. पण आपल्याकडे वरचा मजला भाड्याने देणाऱ्या घरांत अनामतीचे पैसे बहुधा बाजूला काढून ठेवलेले नसतात. ते आले तेव्हाच बोअरमध्ये, मुलीच्या लग्नात किंवा जिन्याच्या बांधकामात गेलेले असतात. शेती असेल तर जून म्हणजे बियाणं आणि खताचा महिना. नव्या भाडेकरूची अनामत हातात आली तीही तिकडेच वळली असेल. याने आबांची जबाबदारी कमी होत नाही. ती रक्कम त्यांची नव्हती, सांभाळायला दिलेली होती. पण ‘पैसे आत्ता हातात नाहीत’ हे तोंडाने सांगता येत नाही म्हणून माणूस रंगाचं कारण पुढे करतो, असंही होतं. ही शक्यता मनात धरलीत तर मागण्याची पद्धत बदलते. ‘का दिले नाहीत’ असं न विचारता ‘किती आणि कोणत्या तारखेला देता’ असं विचारता. कापूस दसऱ्यानंतर घरात येतो. त्यांना दोन हप्त्यांत देणं सोयीचं असेल तर तुम्हाला ते चालेल का, हे यजमानांशी आधी ठरवून घ्या.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र साफ चुकीचं आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर लिहिते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असं सगळे धरून चालतात. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं पुढे आहे: लेखी नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोंदणी नसणं ही तुमची कमजोरी नाही. शिक्षेचं कलम आबांच्या तोंडावर फेकू नका, त्याने काही साधणार नाही. फक्त आपण मोकळ्या हातांनी उभ्या नाही, एवढं मनाशी ठेवा.

भाडं अडवून अनामत वळती करण्याचा सल्लाही अर्धवट आहे. घरमालक हो म्हणाला तर ती सगळ्यांत सुटसुटीत वाट आहे; दोन ओळींचा मेसेज लिहून ‘शेवटचे तीन महिने अनामतीतून’ असं ठरवून टाकावं. त्याच्या संमतीशिवाय भाडं थांबवलं तर ती थकबाकी ठरते, आणि मग बोट आपल्याकडे वळतं. तुम्ही शेवटपर्यंत भाडं भरलंत ते योग्यच केलंत. आज तुम्ही ताठ मानेने मागू शकता ते त्याच्याच बळावर.

रोख दिलेल्या दहा हजारांची तुम्हाला धास्ती आहे. त्यावर उपाय सोपा आहे. पूर्ण रक्कम लिहून आबांना व्हॉट्सअ‍ॅप करा. त्यांनी ‘तीस नव्हते, वीसच होते’ असं म्हटलं नाही आणि रंगाचा हिशोबच सांगत बसले, तर रक्कम त्यांना मान्य आहे हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी लेखी आलं. असे मेसेज न्यायालयात पुरावा म्हणून देता येतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचं वकील सांगतील. तूर्त तुम्ही एवढंच करा: फोनपेची ती जुनी नोंद शोधून तिचा स्क्रीनशॉट घ्या, नोटरीच्या कराराचे फोटो काढा, महावितरणचं शेवटचं भरलेलं बिल काढून ठेवा. मोबाइल बदलायचा विचार असेल तर आधी आबांसोबतचं चॅट बाहेर काढा.

आता रंग. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने नाही.

धुळ्यात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर बसवायचा, आपल्याकडचं जड पाणी त्यात भरायचं. चार महिन्यांत वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो, टाकीच्या कडेने पाणी पाझरतं आणि खिडकीखालच्या भिंतीवर क्षारांचे ओघळ उतरतात. मग रंगाचे पोपडे सुटतात, स्टँडच्या गंजाचे तांबडे डाग प्लॅस्टरमध्ये मुरतात. तीन उन्हाळे असा कूलर चालला असेल तर ती भिंत नुसत्या राहण्याने खराब झालेली नाही. स्टँडखाली पत्रा किंवा ट्रे लावला असता तर ती वाचली असती. त्या भिंतीचा खर्च तुम्ही द्यावा, असं मला वाटतं. घासणं, पुट्टी, दोन हात रंग, एवढं.

बाकीच्या घराचं तसं नाही. तीन वर्षांत भिंती मळतात, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर बसतो, कॅलेंडरच्या खिळ्याची भोकं राहतात, पलंग टेकायचा तिथे रंग उडतो. माणसं राहिली की हे व्हायचंच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने घर मूळ स्थितीत परत द्यावं असं म्हटलंय, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून स्पष्ट वगळली आहे. नव्या भाडेकरूसाठी घर उजळायला दिलेला रंग हा घरमालकाचा खर्च. तो नव्या भाड्यातून निघतो, जुन्याच्या अनामतीतून काढायचा नसतो. तुमच्या करारात ‘घर सोडताना रंगकामाचे पैसे कापले जातील’ असं कलम असेल तर मात्र गोष्ट बदलते, म्हणून तो कागद आधी नीट वाचा. अनेकांनी आपला करार सही करतानासुद्धा वाचलेला नसतो.

तेव्हा आबांकडे बिल मागा: रंगाच्या दुकानाचं, पेंटरच्या मजुरीचं. बिल मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. कापलेल्या पैशांचा हिशोब माणूस मागतोच. आणि त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच कूलरच्या भिंतीचे पैसे देऊ करा. माझ्या मते हीच गोष्ट आबांना बोलतं करील, कारण त्यांच्या तक्रारीतला खरा भाग तुम्ही मान्य केलेला असेल.

फोनवर हे सगळं बोलायला जाल तर माई बाळाचं विचारतील आणि विषय पुन्हा राहील. म्हणून लिहा. साधारण असं:

‘आबा, नमस्कार. तुम्ही आणि माई बरे असाल. आम्ही ३० एप्रिलला घर रिकामं करून चाव्या दिल्या. आमची अनामत ३०,००० रुपये (२०,००० फोनपेने, १०,००० रोख) तुमच्याकडे आहे. भाडं आणि लाइट बिल पूर्ण भरलेलं आहे. कूलरखालची भिंत आमच्यामुळे खराब झाली, तिचा जो खर्च आला तो त्यातून वजा करा, फक्त पेंटरचं बिल पाठवा. बाकीच्या घराचा रंग आमच्याकडे लागू नये, अशी विनंती. उरलेली रक्कम एकदम जमत नसेल तर दोन वेळा दिली तरी चालेल, पण तारखा कळवा. पंधरा दिवसांत कळवाल का? आम्हालाही इथल्या घराची अनामत भरावी लागली आहे.’

या मजकुरात कुठेही आवाज चढलेला नाही, आणि तरी रक्कम, तारीख, ती कशी दिली, किती कापायला तुमची हरकत नाही, मुदत किती, सगळं आलंय. शब्द तुमचे घाला, आकडे मात्र गाळू नका. ‘जमेल तसं द्या’ असं तर अजिबात लिहू नका. आपल्याकडे भिडेपोटी हे शेवटचं वाक्य हटकून लिहिलं जातं आणि मग वरचं सगळं लिहिणं वाया जातं.

ज्या दिवशी हा मेसेज पाठवाल, त्याच दिवशी माईंना वेगळा फोन करा आणि सरळ सांगा: ‘माई, आबांना हिशोबाचं लिहिलंय, ते तुम्ही दोघं बघून घ्या. मी फोन केलाय तो तुमची चौकशी करायला.’ एकदा हे वाक्य बोललात की पुढच्या फोनला पोटात गोळा येणार नाही. कदाचित माईंना हे प्रकरण ठाऊकही नसेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर? आबांच्या मानातलं एखादं माणूस मध्ये घाला. घर ज्यांच्या ओळखीने मिळालं ते असतील, गल्लीतले जुने शिक्षक असतील. मात्र मध्यस्थाकडे जाण्याआधी तुमचा किमान आकडा ठरवून जा. मध्यस्थांना प्रकरण मिटवायची घाई असते. ‘जाऊ द्या ताई, पाच-सात हजारांनी काय होतं’ असं ते म्हणणारच. भिंतीचा खर्च सोडून बाकी रक्कम हवी, हे आधीच सांगा. हप्ते ठरले तर पुढच्या तारखेचे चेक मागा. चेक परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागू पडतं: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. या मुदती कडक आहेत. नुसत्या तोंडी हप्त्यापेक्षा चेकचा हप्ता म्हणूनच वेगळा.

यजमानांची नोटीस यानंतर. ती वाईट नाही, फक्त तिची वेळ अजून आलेली नाही. तुमचा मेसेज आणि मध्यस्थ दोन्ही फुकट गेले तर वकिलाकडून पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा. पोलीस ठाण्यात जाऊ नका. हा दिवाणी व्यवहार आहे, तिथे फार तर दोघांना बोलावून समजावतील, आणि आबांच्या दारात पोलीस गेले की माईंचा प्रश्न कायमचा निकालात निघेल.

नोटिशीनेही काम झालं नाही तर थेट दाव्याआधी एक जागा आहे, जी फार कमी लोक वापरतात. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, धुळ्यातही आहे. तिथे दावा दाखल होण्याआधीच अर्ज देता येतो. ते समोरच्याला बोलावतात आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवतात. कोर्ट फी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. आबा आलेच नाहीत तर त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही, तेव्हा दिवाणी दावाच उरतो. पंधरा-वीस हजारांसाठी नाशिकहून धुळ्याच्या तारखा करायच्या का, याचा विचार तुम्हालाच करावा लागेल. मी स्वतः त्याआधीची प्रत्येक पायरी नीट चढून बघेन. विधी सेवेचा देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून आज काही करायची गरज नाही, पण ‘बघू पुढच्या दिवाळीला’ असंही नको.

मोबाइलवर एक मजकूर फिरतो की आता दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेताच येत नाही. तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आबांना तो पाठवून वाद घालू नका.

इतर वाचकांसाठीही थोडं. जळगावजवळ बांभोरीकडे विद्यापीठ आणि कॉलेजांच्या आसपास चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचं दुखणं थोडं वेगळं असतं. करारावर एकाचं नाव, पैसे चौघांचे, आणि मधेच एकजण सोडून जातो. त्याने घरमालकाकडे मागू नये. त्याच्या जागी येणाऱ्याने त्याचा वाटा त्याला द्यावा, आणि कोणाचे किती हे चौघांच्या ग्रुपवर लिहिलेलं असावं. भुसावळला रेल्वेत बदल्या होणाऱ्यांनी करारातच लिहून घ्यावं की चाव्या दिल्यापासून किती दिवसांत अनामत परत. आणि कोणीही घरात सामान टाकण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवावा. नळ, खिडक्या, कूलरची जागा, मीटरचं रीडिंग. सोडतानाही तसाच. तुमच्याकडे पहिल्या दिवसाचा व्हिडिओ असता तर त्या भिंतीचं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं असतं.

शेवटी नाशिकच्या घराचं विचारते, कारण पत्रात तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. तिथला करारही नोटरीवरच झाला असेल तर घरमालकांना नोंदणी करायला सांगा. ती ऑनलाइन होते, शहरात नोंदणी फी एक हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामतीसाठी त्यात थोडी भर; तुमच्या धुळ्याच्या भाड्यावर अकरा महिन्यांचं ते अडीचशे रुपयांच्या आत बसलं असतं. खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवा. अनामत परतीची मुदत आणि रंगाचं काय, हे दोन्ही त्यात लिहून घ्या, आणि या वेळी कूलरच्या स्टँडखाली ट्रे लावा.